धुतलेली फीत

नोट प्रेसमधून निवृत्त झालो तेव्हा
साहेबांनी शाल दिली, श्रीफळ दिलं.
जांभळ्या उजेडाचा बोटभर दिवा
मी माझ्याच पैशानं घेतला,
सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीतून.
एकतीस वर्षं सदोष नोटा वेगळ्या काढल्या.
डोळ्याला लागलेली खोड
पेन्शनीत जात नाही.

आता जेलरोडच्या दोन खोल्यांत
जर्मन पदकं तपासतो.
लोक हसतात. हसू देत.
लोखंडी क्रूस हातात आला की आधी चुंबक,
रामकुंडावर पोरं दोरीला बांधून
नाणी ओढतात, तसलंच.
गाभा लोखंडाचा हवा, कड चांदीची,
सांधा भिंगाखाली दिसलाच पाहिजे.
एकसंध ओतीव असेल तर तो परवाचा,
कुठल्याशा शेडमधला.
काही गिऱ्हाइकं या वस्तूंपुढे
फार ताठ उभी राहतात.
त्यांना मी पाणीही विचारत नाही.

मार्थाबाई भिंगारदिवे शरणपूरहून आल्या,
भर दुपारी, दोन रिक्षा बदलून.
चष्म्याच्या डबीत, कापसावर,
तीन फितींची पट्टी.
काळी-पांढरी. मग काळी-पांढरी-लाल. मग निळी.
क्रम बरोबर:
शौर्य आधी, नोकरीची वर्षं शेवटी.
"सासऱ्यांची," म्हणाल्या.
"दानिएल त्यांचं नाव. इटलीत स्ट्रेचर वाहायचे.
एका जखमी जर्मनाला पाणी पाजलं,
त्यानं छातीवरची काढून दिली."

पडदा ओढला. दिवा लावला.
पांढरा पट्टा भसकन पेटला,
वरातीतल्या नव्या शर्टासारखा.
जुना धागा असा पेटत नाही.
अलीकडच्या धाग्याची ही चुगली
मला तोंडपाठ आहे.
डबी मिटायला घेतली,
वाक्यही तयार होतं, नेहमीचं:
बाई, वाईट वाटून घेऊ नका.

तेवढ्यात वास आला.
"धुता का हिला?"
"तर! दर गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी.
चांगल्यातल्या पावडरीत. वाळवते मात्र सावलीत."

म्हणजे चाळीस वर्षं
या बाईच्या मायेनं
एक खरी वस्तू
थोडी थोडी खोटी होत आली होती.

घडीच्या आतून एक तंतू ओढला, जाळला.
कागद जळल्याचा वास.
राख मऊ, बोटावर विरली,
प्लास्टिकची गाठ नाही.
अस्सल.

इथंच थांबायला हवं होतं.
पण पालथं करून बघायचं, हीही खोडच.
पिनेला धाग्याचा एक फासा अडकलेला,
पट्टी खोवायला
कोटावर शिवून ठेवतात तसला.
दोन्ही टोकं कापलेली,
स्वच्छ, एका घावात.

देणारा माणूस पिन सोडवतो.
फासा कोटावरच राहतो.

आता कात्री तर स्ट्रेचरवाल्याकडे असतेच.
जखम मोकळी करायला कोट कापावाच लागतो,
थरथरत्या बोटांना पिन निघत नसेल
तर दुसऱ्यानं कापून द्यावी लागते.
आणि जखमेचं काम संपल्यावरही
कात्री हातातच असते.
हे सगळं मी दिव्याला दाखवलं.
दिवा नुसती पावडर दाखवत राहिला.

"खोटी आहे का हो?"
"पट्टी खरी आहे, बाई."
'पट्टी' या शब्दाशी त्या जरा थबकल्या,
मग पदरानं चष्मा पुसला.
कागदावर लिहिलं: अस्सल. धुतलेली.
सही केली. तारीख घातली.
शंभराची नोट पुढे आली,
सवयीनं उजेडाकडे धरली
आणि लाजून परत दिली.

चपला घालताना, दारात, त्या म्हणाल्या,
"मागे तो दोरा लोंबतो ना,
कापून टाकू का?
सासरे होते तोवर
कापू द्यायचे नाहीत."